निदान चुकलंय असं वाटतं तेव्हा: दुसरं मत घ्यायचं कसं

विडाल ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली की टायफॉइड, रक्तातला आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला की संधिवात, प्लेटलेट घसरल्या की डेंग्यू. बेळगाव, निपाणी, अथणी, कुठंही जा, निम्मं निदान लॅबच्या खिडकीवरच होऊन जातं. मग सलाइन, इंजेक्शनं, दहा-पंधरा दिवसांचा कोर्स. ताप उतरला तर डॉक्टर हुशार. नाही उतरला तर 'टायफॉइड उलटला' म्हणायचं आणि कोर्स पुन्हा सुरू. मुळात टायफॉइड होता का, हा प्रश्न कुणी काढतच नाही.

दुसरं मत घेणं म्हणजे हा प्रश्न काढणं. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ 'दुसरा डॉक्टर गाठणं' एवढाच उरलाय. नवा डॉक्टर, नवी चिठ्ठी, नव्या गोळ्या आणि फाइल तीच जुनी. त्यातून फारसं काही हाती लागत नाही, कारण नवा डॉक्टरही जुन्या कागदावरचं आजाराचं नाव वाचतो आणि तिथूनच पुढं जातो. पुरावाच नव्यानं तपासला गेला तर उपयोग आहे: तीच स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखालून, तीच सीटी दुसऱ्या रेडिओलॉजिस्टच्या संगणकावर, तीच हकीकत पहिल्या दिवसापासून.

निदान चुकतं कुठं

निष्काळजी डॉक्टर असतात, पण प्रत्येक चुकीमागं तेच नसतं. कधी आजार अजून पुरता दिसायला लागलेला नसतो. हार्ट अटॅकमध्ये पहिला ईसीजी आणि पहिलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. रक्तात ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात, म्हणून ते तीन तासांच्या अंतरानं पुन्हा करायचं असतं. ते न करता 'पित्त आहे, गॅस आहे' म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं की घोटाळा होतो. मधुमेह असलेल्यांच्या आणि वयस्कर बायकांच्या छातीत कळ येतेच असं नाही. नुसता घाम, धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं एवढ्यावरही अटॅक असू शकतो.

कधी तपासणीचीच मर्यादा असते. विडाल जंतू शोधत नाही, ती रक्तातल्या अँटीबॉडी मोजते. पूर्वी टायफॉइड होऊन गेलेला असेल, लस घेतलेली असेल, किंवा मलेरियासारखा दुसराच ताप असेल, तरी ती पॉझिटिव्ह येते. एकदाच केलेल्या विडालवर निदान टिकत नाही. खरी तपासणी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणं. ती पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी करायची. मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं, उत्तराला दोन ते पाच दिवस. 'एवढं रक्त कशाला काढता?' म्हणून घरचे कुरकुरतात, पण रक्त कमी काढलं तर जंतू सापडत नाही. एक गोष्ट उलट बाजूनंही सांगायला हवी. टायफॉइड खरा असला तरी योग्य औषधावर ताप उतरायला चार-सहा दिवस घेतो. म्हणून तिसऱ्या दिवशी निदान चुकलं म्हणून दवाखाना बदलू नका. सातव्या दिवशीही ताप तसाच असेल तर मात्र विचाराच.

प्लेटलेटचंही असंच. जांभळ्या टोपणाच्या नळीत जे रसायन असतं त्यामुळं काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशिनला त्या मोजता येत नाहीत. रिपोर्टवर ४० हजार, प्रत्यक्षात दोन लाख. अंगावर डाग नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही, माणूस चालता-बोलता आहे आणि आकडाच तेवढा भयंकर, तेव्हा काचेवर रक्ताचा पातळ थर (स्मिअर) करून डोळ्यानं बघायला सांगा, किंवा निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त द्या. डेंग्यूच्या हंगामात नुसत्या आकड्याला घाबरून किती जण ॲडमिट होतात याचा हिशेब कोण ठेवतो!

आणि तिसरी वाट म्हणजे एकदा चिकटलेलं नाव. पहिल्या चिठ्ठीवर प्रश्नचिन्हासह 'टीबी?' लिहिलेलं असतं. दुसऱ्या कागदावर ते प्रश्नचिन्ह गळतं, डिस्चार्ज कार्डावर 'टीबीचा जुना रुग्ण' होतो. प्रश्नचिन्ह कुणी काढलं, कुठल्या तपासणीवर काढलं, ते फाइलमध्ये सापडत नाही. म्हणून आपली फाइल स्वतः एकदा चाळा आणि आजाराचं नाव पहिल्यांदा कुठल्या तारखेच्या कागदावर आलं, त्या दिवशी हातात कुठला रिपोर्ट होता, तेवढं शोधा. बऱ्याचदा असं दिसतं की नाव आधी आलं आणि रिपोर्ट नंतर, तोही निगेटिव्ह.

आपल्या भागातले नेहमीचे फसवे आजार

खानापूर, जांबोटी, चंदगडकडच्या रानाजवळच्या गावांत पावसाळ्यात आणि त्यानंतर येणारा ताप सरसकट टायफॉइड-डेंग्यूच्या खात्यात टाकला जातो. त्यात स्क्रब टायफस हमखास सुटतो. गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्यानं तो होतो. चाव्याच्या जागी बऱ्याचदा सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते, दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळं रोग्यालाही तिचा पत्ता नसतो. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली, केसांत बघावं लागतं. लुगडं-सदरा न काढता तपासणी झाली तर ती दिसणारच नाही. टायफॉइडला चालणारं सेफट्रायॅक्सोनचं इंजेक्शन इथं काम करत नाही. डॉक्सिसायक्लिनच्या साध्या गोळीनं बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम केलेल्याला ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं, लाल डोळे आणि लघवी कमी असेल तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यायला हवी.

काजूच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरीत किंवा सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा पट्ट्यात कामाला जाऊन आलेला माणूस तापानं पडला तर ते डॉक्टरला आपणहून सांगा. त्या भागात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत आणि तो गोचिडीपासून होतो. 'कामाला कुठं होतात?' हे गर्दीच्या ओपीडीत विचारलं जाईलच असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवलं की नमुना पुढं सरकारी प्रयोगशाळेकडं पाठवता येतो.

निपाणीकडं, जिथं तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात घराघरातल्या बायकांची उमर गेली, तिथं जुना खोकला म्हणजे टीबी असं गणित बसलंय. एकदा टीबी होऊन बरा झालेल्या माणसाच्या एक्सरेवर व्रण जन्मभर राहतो. दहा वर्षांनी साध्या खोकल्यासाठी एक्सरे काढला की तोच व्रण दिसतो आणि टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू होतात. एक्सरेवरून टीबीची शंका घेता येते, ठरवता येत नाही. थुंकीत टीबीचा जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते, ती झाली का ते आधी विचारा. रक्तातल्या अँटीबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या तपासण्यांवर भारतात २०१२पासून बंदी आहे. असा रिपोर्ट कुणी पुढं केला तर तो बाजूला ठेवा. थुंकी स्वच्छ निघाली तर उरतो दमा, धुळीनं आणि धुरानं खराब झालेली फुप्फुसं किंवा फुप्फुसाचा कॅन्सर. पहिल्या दोन्हींसाठी फुंकून करायची स्पायरोमेट्री लागते, कॅन्सरसाठी सीटी.

सांध्यांचं सांगायचं तर आरए फॅक्टर निरोगी म्हाताऱ्यांतही पॉझिटिव्ह येतो, आणि चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते. हाता-पायाच्या लहान सांध्यांना दिसण्यासारखी सूज, सकाळी तासभर आखडणं, सहा आठवड्यांहून जास्त काळ, आणि अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह, असं काही जुळत असेल तर पुढचा विचार. कारण त्यानंतर जी मेथोट्रेक्सेट सुरू होते ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

बायकांच्या बाबतीत एक वाक्य ऐकू आलं की दुसरं मत घेतल्याशिवाय सही करू नका: 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.' अंगावर पांढरं जाणं, पिशवीच्या तोंडाला जखम, सोनोग्राफीत 'पिशवीला सूज', यातल्या कशानंही पिशवी काढायची गरज आपोआप सिद्ध होत नाही. पिशवीच्या तोंडाच्या पेशी तपासणारा पॅप स्मिअर झाला का, अंगावरून जास्त जात असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासला का, गोळ्यांचा किंवा संप्रेरक सोडणाऱ्या तांबीचा उपाय आधी करून पाहिला का, हे तीन प्रश्न विचारा. चाळिशीच्या आतल्या बाईला तर हे विचारायलाच हवेत. पिशवीबरोबर अंडाशयही काढली तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात, हे ऑपरेशनआधी सांगायला हवं. सांगतात कितपत, हा भाग वेगळा.

काय घेऊन जायचं

बायोप्सीचा रिपोर्ट म्हणजे एका पॅथॉलॉजिस्टनं स्लाइड बघून लिहिलेलं मत. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला तो कागद दाखवून काही होत नाही. त्याला स्लाइडा हव्यात आणि ज्यातून त्या कापल्या तो मेणाचा ब्लॉकही हवा. ब्लॉक मिळाला की तो नवे काप घेऊन खास रंग देतो, आयएचसी (पेशींची जात ओळखणारी तपासणी) करतो. कॅन्सर आहे की नाही, असला तर कुठल्या जातीचा, हे अनेकदा त्यावरच ठरतं. लॅबकडं लेखी अर्ज करा: रोग्याचं नाव, बायोप्सी नंबर, तारीख, 'दुसऱ्या मतासाठी स्लाइड व ब्लॉक मिळावेत'. बहुतेक ठिकाणी ओळखपत्र बघून, सही घेऊन, परत करण्याच्या अटीवर देतात. हातात पडल्यावर स्लाइडवरचा नंबर, ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिन्ही जुळतात का ते तिथंच उभं राहून बघा. नंबरांची अदलाबदल होऊ शकते, आणि ती पकडायची सगळ्यात स्वस्त जागा लॅबचा काउंटर आहे. स्लाइडा प्लॅस्टिकच्या डबीतच न्या, पाकिटात घातल्या तर एसटीच्या एका धक्क्यात तडकतात. ब्लॉकचं मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं, म्हणून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवू नका.

बायोप्सी अजून व्हायची असेल तर त्याहून मोलाची गोष्ट. मानेतली गाठ काढतात आणि अख्खी फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मालिननं जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर करता येत नाही. रिपोर्ट येतो 'टीबीसारखं दिसतं', आणि खात्री करायला हातात तुकडाच उरत नाही. म्हणून ऑपरेशनआधी सर्जनला सांगा: टीबीची शंका असेल तर अर्धा तुकडा फॉर्मालिनमध्ये, अर्धा निर्जंतुक सलाइनमध्ये घालून सीबीनॅट आणि कल्चरला पाठवा. हे ऑपरेशननंतर आठवून उपयोग नाही. सुईनं ओढलेल्या पेशींवरची तपासणी, एफएनएसी, सोपी असते, पण लिम्फोमासारखा (लसिका ग्रंथींचा) कॅन्सर तिच्यातून निसटू शकतो. गाठ वाढतच असेल तर सुई तपासणी 'ठीक' आली म्हणून थांबू नका.

सीटी-एमआरआयचे कागद आणि फिल्मा घरी राहिल्या तरी चालतील, सीडी किंवा पेनड्राइव्ह विसरू नका. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळे काप. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फिल्मच्या फोटोवर कुणी ठाम मत दिलं तर त्या मताला फारशी किंमत देऊ नका. ईसीजीची पट्टी उष्णतेनं छापलेली असते, काही महिन्यांत फिकी पडते. आल्या दिवशीच झेरॉक्स काढा आणि तारीख-वेळ हातानं लिहा. सोनोग्राफीचं मात्र असं जतन होत नाही. ती करणाऱ्याच्या हातावर आणि त्या क्षणी पडद्यावर दिसलेल्यावर अवलंबून असते, त्यामुळं शंका असेल तर ती दुसऱ्याकडून नव्यानंच करून घ्यावी लागते.

रक्ताच्या तपासण्या पुन्हा करताना लॅब बदला, आणि तपासणी बिघडवणाऱ्या गोष्टी आधी बाजूला करा. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. दोन-तीन दिवस आधी बंद करून रक्त द्या. अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) फसवतं. लोहाच्या कमतरतेत ते उगाच जास्त दिसू शकतं, म्हणून मधुमेह ठरवायला उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघावी.

कागदांखेरीज आणखी एक वस्तू न्या: गेल्या सहा महिन्यांत पोटात गेलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, गावातल्या डॉक्टरनं पुडीत बांधून दिलेल्या सुट्या गोळ्यांसह. 'एका इंजेक्शनात बरं वाटलं' असं ज्याच्याबद्दल बोललं जातं त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्यानं ताप, सूज, दुखणं सगळं तात्पुरतं दबतं, गाठीही लहान होतात आणि खरं निदान महिनाभर मागं पडतं. दुसऱ्या डॉक्टरला हे कळलं नाही तर तोही फसतो.

बोलायचं कसं

सीमाभागात एक अडचण जादा आहे. रोगी मराठीत बोलतो, डॉक्टर कधी कन्नड, कधी इंग्रजी, आणि मधे नातू किंवा वॉर्डबॉय. आजी म्हणते 'जीव घाबरतो', नातू सांगतो 'त्यांना भीती वाटते', आणि हृदयाची तक्रार मनाच्या तक्रारीत जाते. यावर उपाय म्हणजे भावार्थ न सांगता घडलेलं सांगणं. चक्कर येते म्हणजे घर फिरतं, की उभं राहिल्यावर डोळ्यापुढं अंधारी येते, की चालताना तोल जातो? तिन्हींचे आजार वेगळे. कुठं दुखतं ते बोटानं दाखवा, किती वाजता सुरू झालं, किती वेळ राहिलं, काय केल्यावर थांबलं ते सांगा. सोबत दोन्ही भाषा नीट येणारा मोठा माणूस न्या.

एका कागदावर, एकाच बाजूला, तारखेप्रमाणं लिहून न्या: पहिली तक्रार केव्हा, कुठली तपासणी केव्हा, कुठलं औषध केव्हा सुरू आणि त्यानं काय फरक पडला. आजाराचं नाव त्यात सगळ्यात खाली लिहा. पहिल्या डॉक्टरबद्दल तक्रारीचा सूर लावू नका. त्यानं समोरचा माणूस सावध होतो आणि तपासण्याऐवजी सांभाळून बोलायला लागतो. लपवूही नका. 'हे निदान सांगितलंय, आम्हाला खात्री करून घ्यायचीय' एवढं पुरे.

मग तीन प्रश्न. याखेरीज आणखी काय असू शकतं? माझ्या तक्रारींपैकी कुठली या निदानात बसत नाही? आणि हे निदान चूक असेल तर ते कुठल्या तपासणीनं कळेल? 'याच्याशिवाय दुसरं काही असूच शकत नाही' असं कुणी न बघता म्हणालं, तर मत मिळालं नाही असं धरा.

जायचं कुठं, आणि कधी थांबायचं नाही

पहिला नियम: त्याच हॉस्पिटलातला दुसरा डॉक्टर हे दुसरं मत नव्हे. दुसरा नियम: ऑपरेशन सुचवणाऱ्या सर्जनचं मत दुसऱ्या सर्जनबरोबरच एखाद्या फिजिशियनकडूनही तपासून घ्या. बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्स आणि केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल, दोन्ही मेडिकल कॉलेजशी जोडलेली, त्यामुळं एका छताखाली सगळे विभाग मिळतात. निपाणी-चिकोडीकरांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल जवळ, कागवाड-अथणीकरांना मिरज. कॅन्सरसाठी हुबळीचं कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट, बेंगळुरूचं किदवाई, मुंबईचं टाटा. टाटा मेमोरियलशी जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेत कागद अपलोड करून घरबसल्या लेखी मत मिळतं. परळला दोन माणसांनी जाऊन फुटपाथवर राहण्याआधी हे करून पाहावं. खानापूरकर चोर्ल्याहून बांबोळीला जातात, पण गोवा मेडिकल कॉलेजात बाहेरच्या रुग्णांना २०१८पासून शुल्क लागतं, तेवढे पैसे धरून निघा. साध्या शंकेसाठी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरशी मोफत बोलता येतं.

पैशाचं गणित आधीच समजून घ्या. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के. तातडीची केस सोडली तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. पत्र न घेता थेट खासगीत ॲडमिट झालात तर नंतर कुणी ऐकत नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. कोल्हापूर-मिरजेला जाण्याआधी तिथल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आपलं गाव आणि लागणारे कागद विचारून घ्या. दोन्ही योजना मुख्यतः ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत, नुसत्या दुसऱ्या मताचा खर्च बहुधा खिशातूनच जातो.

काही वेळा दुसरं मत घेत बसणंच घातक. छातीत दाब आणि घाम, तोंड वाकडं होणं किंवा एक बाजू लुळी पडणं, पोट फळीसारखं कडक होणं, सर्पदंश, तापात शुद्ध हरपणं, गरोदर बाईला अचानक कळ आणि चक्कर: १०८ बोलवा, जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. पोरग्याच्या वृषणात अचानक दुखायला लागलं तर लाजेनं सकाळपर्यंत थांबू नका. पीळ पडला असेल तर सहाएक तासांनंतर ते वाचवणं अवघड होतं. उलट स्तन, गर्भाशय, तोंड, थायरॉइड यांच्या गाठींत बहुधा आठ-पंधरा दिवस दुसऱ्या मताला देता येतात. रक्ताचा तीव्र कॅन्सर मात्र त्यात नाही. 'किती दिवस थांबलं तर चालेल?' हे पहिल्या डॉक्टरलाच विचारावं. प्रामाणिक डॉक्टर आकडा सांगतो.

दोन मतं जुळली नाहीत तर

तिसऱ्याकडं जाऊन बहुमत काढू नका. आधी बघा, मतभेद आजाराबद्दल आहे की उपचाराबद्दल. पित्ताशयात खडे आहेत यावर दोघांचं एकमत, एक म्हणतो काढा, दुसरा म्हणतो त्रास नाही तर राहू द्या: इथं कुणीच चुकलेलं नाही, निवड तुमची. पण एक टीबी म्हणतो आणि दुसरा लिम्फोमा, तेव्हा दोघांनाही एकच विचारा, कुठल्या तपासणीनं हा वाद मिटेल? ती तपासणी करा. कॅन्सरच्या बाबतीत मोठ्या हॉस्पिटलांत ट्यूमर बोर्ड असतो, सर्जन, औषधाचा आणि रेडिएशनचा डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. आपली केस तिथं मांडा म्हणून सांगता येतं.

चूक खरंच झाली असेल तर

रागाच्या भरात गोळ्या गटारात टाकू नका. स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, बीपीच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर मूळ आजाराहून मोठा प्रसंग उभा राहतो. कमी कशा करायच्या ते नव्या डॉक्टरकडून लिहून घ्या. त्याच्याचकडून आणखी एक ओळ लिहून घ्या: अमुक आजार नाही, अमुक तारखेच्या अमुक तपासणीनं वगळला. ती ओळ फाइलच्या पहिल्या पानावर लावा. नाहीतर जुनं डिस्चार्ज कार्ड पुढच्या दवाखान्यात आणि विम्याच्या अर्जात तुमचा पिच्छा सोडत नाही.

वर्षभर नसलेल्या आजाराची औषधं खाल्लेल्या माणसाचा पुढं कुठल्याच डॉक्टरवर विश्वास बसत नाही, बारीक दुखलं तरी झोप उडते. घरात 'तूच त्या दवाखान्यात नेलंस' सुरू होतं. हे महिनाभरात शमलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्यसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला, किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत दाखवा.

कागद मिळवण्याचा हक्क पक्का आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार ॲडमिट झालेल्या रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरनं तीन वर्षं जपायची असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर शिक्का घ्या. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०१९ मध्ये राज्यांकडं पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या मताचा हक्कही आहे.

तक्रारीचं म्हणाल तर आधी एक गोष्ट पक्की करा: निदान चुकलं एवढ्यानं निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्या परिस्थितीत साधारण कुवतीच्या डॉक्टरनं जे करायला हवं होतं ते केलं नाही, हे दाखवावं लागतं. म्हणूनच पहिल्या दिवसाचे कागद, तपासण्यांच्या वेळा आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत यांना इतकं मोल. फौजदारी तक्रारीला तर स्वतंत्र डॉक्टरचं मत जोडावं लागतं, तसं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलंय. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, आणि दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही. जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात असं सरकारी हॉस्पिटल या कायद्यात येत नाही.

सीमेवर राहणाऱ्यांना यातली एक तरतूद उपयोगी पडते. २०१९च्या ग्राहक कायद्याप्रमाणं तक्रारदार जिथं राहतो तिथल्या आयोगाकडंही जाता येतं. उपचार कोल्हापुरात किंवा मिरजेत झाला असला तरी बेळगावच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, तारखेला घाट उतरायची गरज नाही. डॉक्टरच्या वागणुकीबद्दलची तक्रार मात्र त्याची नोंदणी ज्या राज्यात आहे तिथल्या परिषदेकडंच जाते. निपाणीच्या डॉक्टरची बहुधा कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडं आणि कागलच्या डॉक्टरची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं. चिठ्ठीवर डॉक्टरच्या नावाखाली नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो बघून अर्ज करा.